नोकरी सुटतेय, कंपनीचा मेडिक्लेम संपतोय: आधी काय वाचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, पुण्यातल्या आयटी कंपनीत चार वर्षं नोकरी, कपातीत नाव आलं आहे आणि महिनाअखेर शेवटचा दिवस आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत पाच लाखांचं कव्हर आहे. त्यात पत्नी, सहा वर्षांची मुलगी, ७१ वर्षांचे वडील आणि ६६ वर्षांची आई आहेत. वडिलांना मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. आईला रक्तदाब आहे आणि डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलं आहे. स्वतःला दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. एजंट म्हणतो, पाचही जणांची मिळून २५ लाखांची एकच फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्यांत वाटून वापरायचं एकच कव्हर, घ्या. मित्र म्हणतो, दोन-तीन महिन्यांत नोकरी लागेल, तोवर उगाच पैसे घालवू नका. शेवटी असंही विचारलं आहे की नवी नोकरी लागल्यावर स्वतःची पॉलिसी चालू ठेवायची का.

एजंटचंही ऐकू नका आणि मित्राचंही. तुमच्याकडे आज एक मौल्यवान गोष्ट आहे आणि ती पाच लाखांचं कव्हर नव्हे. ती म्हणजे त्या पॉलिसीत सलग काढलेली चार वर्षं. कव्हर कधीही विकत घेता येतं. ही चार वर्षं मात्र पुन्हा विकत मिळत नाहीत आणि शेवटच्या दिवसानंतर ती हातातून निसटू शकतात. म्हणून ‘कोणती पॉलिसी चांगली’ हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा. आधी ही चार वर्षं वाचवा.

वैयक्तिक आरोग्य विम्यात तीन प्रकारचे प्रतीक्षा काळ असतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचाच क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, सांधे बदलणं अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. ही मर्यादा पूर्वी ४८ महिने होती, विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२४ पासून ती खाली आणली. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत यांतलं बहुधा काहीच लागू नसतं, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. त्यामुळे नोकरीत असताना प्रतीक्षा काळ हा शब्दही कानावर पडत नाही आणि नोकरी गेल्यावर नवी पॉलिसी घेताना तो एकदम आडवा येतो. आईचा गुडघा आज ग्रुप पॉलिसीत बदलता येतो. पुढच्या महिन्यात कोरी पॉलिसी घेतलीत तर त्याच शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, किंवा सगळा खर्च खिशातून करावा लागेल.

यावर नियमांत एक वाट आहे आणि तिला मायग्रेशन म्हणतात. रुग्णालयाचा खर्च भरून देणाऱ्या ग्रुप पॉलिसीतल्या सदस्याला, आणि त्याच्या कुटुंबातल्या सदस्यांनाही, गटातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे. आयआरडीएआयने २०२० मध्ये मायग्रेशन आणि पोर्टेबिलिटीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हे स्पष्ट लिहिलं आहे. जाताना सलग काढलेल्या काळाचं श्रेय सोबत मिळतं, पण जुन्या कव्हरच्या रकमेपुरतंच. म्हणजे तुमची चार वर्षं धरली गेली तर ३६ महिन्यांचा काळ पाच लाखांपर्यंत पूर्ण झालेला असेल. दहा लाखांची पॉलिसी घेतलीत तर वरच्या पाच लाखांना प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होईल. हा हक्क त्याच विमा कंपनीकडे जाण्याचा आहे. तिथून पुढे नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर अपेक्षा चुकतील. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाताना विमा कंपनी तब्येतीची छाननी करू शकते. तपासण्या मागू शकते, जादा प्रीमियम लावू शकते, एखाद्या सदस्याला नकारही देऊ शकते. अर्ज करण्याचा हक्क पक्का आहे, पण होकार पक्का नाही. तरीही मधुमेह आणि अँजिओप्लास्टी असलेल्या ७१ वर्षांच्या माणसासाठी अनोळखी कंपनीकडे कोरा अर्ज करण्यापेक्षा हा दरवाजा आधी ठोठावणं केव्हाही बरं.

आता कामाला लागा. आजच एचआरला ईमेल करा, फोनवर बोलून थांबू नका. त्यात चार गोष्टी विचारा: माझं आणि कुटुंबाचं कव्हर नेमक्या कोणत्या तारखेला संपतं, रिलीव्हिंगच्या दिवशी की महिनाअखेरीला, मास्टर पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचं नाव काय, वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशनसाठी विमा कंपनीत कोणाशी बोलायचं आणि अर्जाची मुदत काय, आणि कंपनी हे कव्हर पॉलिसी वर्ष संपेपर्यंत चालू ठेवू शकेल का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. विचारा. कपातीच्या वेळी भरपाईची बोलणी चालू असतात आणि दोन-तीन महिने जास्तीचा विमा ही कंपनीच्या दृष्टीने छोटी गोष्ट असते. पैसे थोडे कमी देता आले तरी चालेल पण आई-वडिलांचं कव्हर मार्चपर्यंत ठेवा, अशी मागणी मान्य झालेली मी पाहिली आहे. मान्य झालं तर लेखी घ्या.

अर्ज मात्र एचआरच्या भरवशावर सोडू नका, थेट विमा कंपनीकडे करा. तुमच्या ई-कार्डावर बहुधा टीपीएचं नाव ठळक असतं, आणि लोक त्यांनाच मेल पाठवून उत्तराची वाट बघत बसतात. टीपीए क्लेमची कागदपत्रं हाताळतो. मायग्रेशनचा निर्णय विमा कंपनी घेते. बाहेर पडल्यानंतर अर्ज करायला किती दिवस मिळतील हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून शेवटच्या दिवसाच्या आधीच अर्ज केलेला बरा. पोचपावती जपून ठेवा.

आणि ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी चारही वर्षांची ई-कार्डं, कव्हरेज लेटर आणि झालेल्या क्लेमचे कागद स्वतःच्या ईमेलवर घ्या. वडिलांच्या अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज समरी तर हवाच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल बंद होतं आणि मग सलगपणाचा पुरावा मिळवायला जुन्या एचआरच्या मागे महिनाभर फिरावं लागतं. या चार वर्षांत तुमच्या ऑफिसने विमा कंपनी बदलली असेल, तर आधीच्या कंपनीकडची वर्षं धरणार का हे अर्जातच विचारा आणि त्या वर्षांची कार्डं जोडा.

हातात असलेल्या दिवसांत आणखी एक मोठा निर्णय आहे, तो आईच्या गुडघ्याचा. शस्त्रक्रिया करायची हे डॉक्टरांनी आणि तुम्ही ठरवलंच असेल, तर कव्हर चालू असताना ती होऊ शकते का हे आज विचारा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला कॅशलेसची मंजुरी आधीच मागता येते. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. पण दाखल होण्याची आणि घरी जाण्याची तारीख दोन्ही कव्हरच्या आत बसतात ना, हे रुग्णालयाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. केवळ विमा संपतोय म्हणून घाईने शस्त्रक्रिया करू नका. गुडघ्यानंतरचे व्यायाम, घरातली सोय, आईची मनाची तयारी हे सगळं असेल तरच करा. जुन्या उपचारांची बिलं परत मिळवायची राहिली असतील तर तीही आत्ताच सादर करा. बाहेर पडणाऱ्यांसाठी मुदत कमी ठेवलेली असू शकते.

आता एजंटच्या सल्ल्याबद्दल. पाच जणांची एक फ्लोटर ऐकायला सुटसुटीत वाटते, पण तुमच्या घरासाठी ती चुकीची आहे. फ्लोटरचा प्रीमियम मुख्यतः घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या कव्हरवरही ७१ वर्षांच्या आजोबांच्या वयाचा भार येतो. दुसरं म्हणजे वडिलांचा एक मोठा क्लेम झाला की त्या वर्षाचं कव्हर सगळ्यांसाठीच कमी होतं. आणि तिसरं, जे एजंट सांगत नाहीत: वडिलांच्या आजारांमुळे कंपनीने प्रस्ताव नाकारला तर पाचही जण बाहेर राहतात आणि तोवर तुमची तारीख उलटून गेलेली असते. म्हणून दोन भाग करा. तुम्ही, पत्नी आणि मुलगी यांची एक फ्लोटर. आई आणि वडील यांची शक्य तर वेगवेगळी वैयक्तिक पॉलिसी, कारण आईचा अर्ज मंजूर होण्याची शक्यता वडिलांच्या अर्जापेक्षा बरीच जास्त आहे.

वडिलांपासून सुरुवात करू, कारण तिथेच खरी अडचण आहे. मायग्रेशनचा अर्ज करा, पण फक्त त्याच्यावर अवलंबून राहू नका. ते ७१ वर्षांचे आहेत, म्हणजे आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डाला पात्र आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं. जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ नाही, प्रीमियम नाही आणि खासगी विमा असला तरी चालतो. आधार कार्डावर नोंदणी होते. मध्यमवर्गीय घरांत ‘ते आपल्यासाठी नाही’ असं म्हणून हे कार्ड काढलंच जात नाही, आणि मग रात्री दोन वाजता छातीत दुखू लागल्यावर धावपळ सुरू होते. या आठवड्यात काढा. त्याच्या मर्यादा माहीत असू द्या: फक्त योजनेतल्या रुग्णालयांत चालतं, ठरावीक पॅकेजच्या दराने चालतं, बाहेरची औषधं आणि ओपीडी त्यात नाही. तुमच्या घराजवळचं कोणतं रुग्णालय हृदयविकारासाठी यादीत आहे ते आधीच शोधून ठेवा, नाव आणि पत्ता घरात सगळ्यांना सांगून ठेवा. वडिलांचे कार्डिओलॉजिस्ट तिथे बसत नसतील तर आताच फाइलची एक प्रत त्या रुग्णालयात दाखवून या.

आई ६६ ची आहे, तिला वय वंदना कार्ड अजून चार वर्षं मिळणार नाही. पण महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता लागू आहे, पांढऱ्या कार्डालाही, आणि तिचं कव्हर दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आहे. आईचं नाव तुमच्या शिधापत्रिकेवर आहे का, की गावाकडच्या कार्डावर, की कुठेच नाही, हे बघा. पुण्यात येऊन राहिलेल्या कितीतरी कुटुंबांत आई-वडिलांचं नाव अजून सातारा किंवा लातूरच्या कार्डावर असतं. तेही चालतं, पण मूळ कागद हाताशी हवा. ही योजना ठरावीक उपचारांपुरती आहे, त्यामुळे ती आधार म्हणून ठेवा आणि आईसाठी मायग्रेशनचा अर्ज कराच. गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिथे पाच वर्षं रहिवास असलेल्या तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कव्हर मिळतं.

आई-वडिलांच्या पॉलिसीत को-पे असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणजे प्रत्येक बिलाचा १० किंवा २० टक्के वाटा तुमचा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत मी को-पे स्वीकारतो, नाहीतर प्रीमियम झेपत नाही. पण ठरावीक आजारांवर रकमेची मर्यादा असलेली पॉलिसी शक्यतो टाळा. पुढच्या वर्षांच्या प्रीमियमची धास्ती असेल तर इतकं माहीत असू द्या की जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर विमा कंपनीला आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते.

आता तुम्ही तिघं. इथे खरंच निवड करायला जागा आहे. एक वाट म्हणजे तिघांचंही मायग्रेशन. दुसरी म्हणजे बाजारातली चांगली कोरी पॉलिसी. पत्नी आणि मुलगी निरोगी असतील तर त्यांना सलगपणाचा फायदा मर्यादित आहे. तुम्हाला बीपी आहे आणि बीपी म्हटल्यावर उद्या हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांतलं काहीही झालं तर कंपनी ‘जुन्या आजाराशी संबंधित’ म्हणून बोट दाखवू शकते. तुमच्यासाठी ३६ महिने पूर्ण झालेले असणं फार मोलाचं आहे. म्हणून माझा कल तिघांच्याही मायग्रेशनकडे आहे, अट एवढीच की विमा कंपनी देत असलेली वैयक्तिक पॉलिसी बरी असली पाहिजे. एक वर्ष तिथे काढा. नूतनीकरणाच्या ४५ ते ६० दिवस आधी दुसऱ्या कंपनीकडे पोर्टचा अर्ज करता येतो, तोवर नोकरीचंही चित्र स्पष्ट झालेलं असेल.

‘बरी’ म्हणजे काय ते ब्रोशरवरून कळत नाही. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावंच लागतं, ते दोन-चार पानांचं असतं, ते मागून वाचा. मी सगळ्यात आधी खोलीभाड्याची मर्यादा बघतो. पाच लाखांच्या पॉलिसीत एक टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत तर फक्त खोलीचे ५,००० जातात असं लोकांना वाटतं. तसं नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा संबंधित खर्चांनाही तेच प्रमाण लागतं. तो खर्च दोन लाख असेल तर एक लाख तुमच्या खिशातून जातो. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना हे प्रमाण लावता येत नाही, तरीही फटका मोठाच असतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ५,००० च्या आत स्वतंत्र खोली मिळणं कठीण झालं आहे. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, किंवा स्वतंत्र एसी खोली मान्य करणारी पॉलिसी बघा. को-पे नको. तुमच्या भागातली दोन चांगली रुग्णालयं कॅशलेसच्या यादीत हवीत. बाकी मोफत योगवर्ग, अ‍ॅपवरचे गुण, जिमची सवलत याकडे बघूही नका.

कव्हर किती? नोकरी नसताना २५ लाखांच्या मूळ पॉलिसीचा प्रीमियम भरायची गरज नाही. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि वर २० लाखांची सुपर टॉप-अप, जिची वजावट पाच लाख असेल (म्हणजे पहिले पाच लाख ती देणार नाही), हे खूप स्वस्त पडतं. सुपर टॉप-अपच घ्या, साधी टॉप-अप नको. वर्षात एकदा चार लाखांचं आणि एकदा तीन लाखांचं बिल झालं, तर सुपर टॉप-अप दोन्ही बेरीज करून पाचच्या वरचे दोन लाख देईल. साधी टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघते आणि दोन्ही बिलं पाचच्या आत म्हणून काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप कोरी घेत असाल तर तिचा प्रतीक्षा काळ वेगळा चालू होतो, हे ध्यानात ठेवा.

पैशाचं गणित घरात सगळ्यांसमोर मांडा. फुल अँड फायनलचे पैसे आले की पहिला चेक विम्याचा, नंतर ईएमआय, असं मी नेहमी सांगतो. त्यातही पैसे कमी पडत असतील तर क्रम असा: आधी आई-वडिलांचं मायग्रेशन, मग तुमची फ्लोटर, मग सुपर टॉप-अप. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवर जीएसटी नाही, पूर्वी १८ टक्के होता, त्यामुळे जुन्या कोटेशनवरून घाबरू नका. मासिक हप्त्यांनी प्रीमियम भरायची सोय बहुतेक कंपन्या देतात. मासिक हप्ता चुकला तर १५ दिवसांची सवलत असते आणि हप्त्यांच्या पॉलिसीत त्या काळातही कव्हर चालू राहतं. पण नोकरी नसताना बँकेच्या खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परत जाण्याचा धोका खरा असतो. जमत असेल तर वर्षाचा एकदम भरा. तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरून सवलत घ्या असं कोणी सांगितलं तर आत्ता नको. रोख पैसा हातात राहू दे.

प्रस्तावाचा अर्ज स्वतः भरा, एजंटला नुसता ओटीपी सांगून मोकळे होऊ नका. क्लेम नाकारले जातात त्यांतल्या ज्या केसेस माझ्यापुढे येतात, त्यांत सर्वांत जास्त दुःख याच कारणाचं असतं: ‘बीपी आहे’ असं सांगितलं होतं, पण अर्जात ‘नाही’ लिहिलं गेलं. तुमची गोळी, वडिलांचा स्टेंट, आईचा गुडघा, कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर काठावर आली असेल तर तीही, सगळं लिहा. त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल किंवा एखादा अर्ज नाकारला जाईल, ते परवडतं. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण तोवरची पाच वर्षं तुम्हाला काढायची आहेत. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री लुक काळ असतो, म्हणजे पटली नाही तर ती परत करता येते. त्या काळात अर्जाची प्रत उघडून एकेक उत्तर तपासा.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतर काहींसाठी दोन गोष्टी, कारण सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते. चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांतून काम सुटलेल्यांपैकी ज्यांचा पगार २१,००० च्या आत होता त्यांचा ईएसआयसी हा सरकारी कामगार विमा नोकरीसोबत त्याच दिवशी संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे ऑगस्टमध्ये काम सुटलं तरी कुटुंबाला जूनपर्यंत दवाखाना मिळू शकतो. शाखा कार्यालयात जाऊन विचारा, आणि अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत मिळणाऱ्या बेकारी भत्त्याचीही तिथेच चौकशी करा. दुसरं, घरात बाळंतपण यायचं असेल तर वैयक्तिक पॉलिसीची मदत होणार नाही, कारण प्रसूतीला तिथे वेगळा आणि बहुधा दोन ते चार वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. अशा वेळी पती किंवा पत्नीच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत नाव घालता येतं का हे पहिलं बघा. एरवी वर्षाच्या मध्ये नाव घालू देत नाहीत, पण जोडीदाराची नोकरी गेल्याचं पत्र दाखवून एचआरने विनंती केली तर काही ठिकाणी मान्य होतं.

मित्राच्या ‘थांबा’ या सल्ल्याला उत्तर देतो. तीन महिन्यांत नोकरी लागेलही, लागावी अशी मनापासून इच्छा आहे. पण नव्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील असतीलच असं नाही. अनेक कंपन्यांनी त्यांना वगळलं आहे किंवा त्यांचा प्रीमियम पगारातून कापायला सुरुवात केली आहे. आणि त्या मधल्या तीन महिन्यांत तुमच्या ईसीजीत काही निघालं, किंवा वडिलांना पुन्हा दाखल करावं लागलं, तर त्यानंतर कोणतीही कंपनी तुमच्याकडे आजच्या नजरेने बघणार नाही. नोकरी जाण्याच्या ताणात बीपी वाढतंच, हे तुम्हाला सांगायला नको. गोळी चुकवू नका.

मायग्रेशनला नकार आला तर कारण लेखी मागा. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं पुण्यातही आहेत आणि मुंबईतही. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात, आणि कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. ‘प्रकृतीमुळे नकार’ हा अंडररायटिंगचा, म्हणजे कोणाला विमा द्यायचा याचा, निर्णय लोकपाल सहसा बदलत नाहीत. पण ‘आमच्याकडे मायग्रेशन नाही’, ‘तुम्ही उशीर केलात’ किंवा नुसतं मौन, अशा वेळी तुमची तारखेची पोचपावती खूप उपयोगी पडते.

नवी नोकरी लागल्यावर ही पॉलिसी चालू ठेवायची का? हो, तुमची आणि आई-वडिलांची दोन्ही. नव्या ऑफिसचं कव्हर मिळालं की छोटे-मोठे क्लेम आधी तिथून करा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचा नो क्लेम बोनस वाढत राहील. ऑफिसचं कव्हर पुरेसं असेल आणि दोन प्रीमियम जड जात असतील, तर मूळ पॉलिसी पाच लाखांवरच ठेवून सुपर टॉप-अप वाढवा, पण मूळ पॉलिसी सोडू नका. नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीच्या आठवणीसह टाका, आणि पत्नीच्या फोनमध्येही.